फक्त फीसाठी

ओर्लीना रॅटलिफनं आयुष्यात कुणाचा एक डॉलर बुडवला नव्हता, आणि या गोष्टीचा तिला जरा जास्तच अभिमान होता. कोळशाच्या खाणीत छाती काळी करून घेऊन नवरा गेला, तेव्हा घरात पीठ नव्हतं. तरी या बाईनं आधी दुकानदाराची उधारी चुकती केली आणि मग रडायला बसली. बकआय खोऱ्यात लोक म्हणायचे, ओर्लीनाच्या शब्दावर डोळे मिटून घर बांधावं.

आणि अशा बाईच्या पोटी रोंडा जन्मली. आता काय बोलायचं! रोंडा आधी दुखण्याच्या गोळ्या दुखण्यासाठी घेत होती, मग गोळ्यांसाठी दुखणं काढायला लागली. गोड बोलण्यात तिचा हात कुणी धरला नसता. माउंट नेबो चर्चच्या बायकांनी एकदा वर्षभर गोधड्या शिवल्या, विकल्या, आणि ते पैसे बँकेत भरायला रोंडाकडे दिले. रोंडानं ते नेले ते नेलेच. ओर्लीनानं मग नवऱ्याच्या पेन्शनीतून महिन्या-महिन्याला ते सगळे फेडले. पैसे फिटले. नाव काही फिटलं नाही. त्या दिवसापासून चर्चच्या स्वयंपाकघरात ओर्लीनाला कुणी बटाटे सोलायला बोलवायचं, पण पैशांच्या डब्याजवळ उभं राहायला नाही.

रोंडाची मुलगी टॅबिथा. तिला आजीनंच वाढवलं. टॅबिथा आजीला ममॉ म्हणायची, जशी त्या डोंगरातली सगळीच पोरं म्हणतात. पोरगी बोलायला फटकळ, पण डोकं तल्लख. मोठ्या रस्त्यावरच्या स्वस्त वस्तूंच्या दुकानात गल्ल्यावर बसायची आणि मधल्या सुट्टीत हाडांची नावं पाठ करायची. तिला नर्स व्हायचं होतं.

त्यासाठी जिल्ह्याचं सरकारी कम्युनिटी कॉलेज होतं. फी कमी आणि दार सगळ्यांना उघडं, असं फाटकावरच लिहिलेलं. दार उघडं असतं हो, पण आत शिरल्यावर नर्सिंगचं दार वेगळं, आणि ते किलकिलं. जागा मोजून चोवीस, आणि बाहेर रांग निम्म्या खोऱ्याची, कारण खाणी बंद झाल्यापासून पगार मिळतो असं एकच ठिकाण उरलंय, ते म्हणजे हॉस्पिटल. टॅबिथाला पहिल्या वर्षी नकार आला. दुसऱ्या वर्षी प्रतीक्षा यादीत नाव आलं आणि यादीतच राहिलं. तिसऱ्या वर्षी प्रवेश मिळाला, तेव्हा ती फोन हातात धरून अंगणात नुसती गोल गोल फिरत राहिली, आणि ओर्लीनाला वाटलं की पोरीला काही चावलं की काय.

पैशांचंही बसलं होतं. ते टॅबिथानं एकटीनं बसवलं. महिनाभर ती फॉर्मांशी भांडत होती. बापाचं उत्पन्न लिहा म्हणे! बाप कोण हेच जिथे धड माहीत नाही, तिथे त्याचं उत्पन्न कुठून आणायचं? पण तिनं शिक्के आणले, पत्रं आणली, कोर्टाचा कागद आणला. शेवटी ठरलं ते असं: फी राज्याच्या अनुदानातून जाईल, आणि वर कॉलेजच्या स्वतःच्या प्रवास-निधीतून अठराशे डॉलर टॅबिथाच्या हातात पडतील, सत्र सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात.

ते अठराशे म्हणजेच सगळं काही होतं. चौथ्या आठवड्यापासून पोरींना हॉस्पिटलात प्रत्यक्ष काम शिकायला जायचं होतं. हॉस्पिटल डोंगर ओलांडून पन्नास मैल, हजेरी पहाटे साडेसहाला, बस नावाची गोष्ट त्या रस्त्यानं कधी पाहिलेली नाही. दोन खाडे झाले की नाव कमी. आणि टॅबिथाची जुनी ब्युइक गाडी गियरबॉक्स फुटून शेजारच्या आर्व्हिलच्या शेडमध्ये पडलेली. आर्व्हिल गाड्या दुरुस्त करायचा. माणूस भला, पण तोही उधारीनं पोळलेला.

"अठराशेत चालती करून देतो," तो म्हणाला, "पण पैसे आधी, पोरी. सुटा भाग मागवायचा तर कंपनी माझ्या तोंडाकडे बघून देत नाही. दिलाही असता, पण माझं तोंड बघितलंयस ना?"

"तिसऱ्या आठवड्यात देते," टॅबिथा म्हणाली. सगळं असं काट्यावर काटा बसलेलं होतं.

आणि तेवढ्यात चर्चला प्रेमाचा उमाळा आला.

व्हर्ना स्टॅम्पर ही माउंट नेबोची खजिनदार. ओर्लीनाबरोबर शाळेत एका बाकावर बसलेली, आणि गोधड्यांच्या प्रकरणानंतर तिच्याशी मोजून मापून बोलणारी. ती एका रविवारी प्रार्थनेनंतर आपणहून जवळ आली.

"ओर्लीना, आम्ही बायकांनी ठरवलंय. तुझ्या नातीसाठी माशांचं जेवण घालायचं. जो येईल तो खाईल आणि पेटीत टाकेल. खोऱ्यातली पोरगी नर्स होतेय म्हणजे काय थट्टा आहे का?"

ओर्लीनानं तिचे दोन्ही हात घट्ट धरले.

घरी टॅबिथानं ऐकलं आणि हातातला चमचा खाली ठेवला. "नको, ममॉ."

"नको काय नको? लोक प्रेमानं देतायत."

"माझं सगळं बसलंय. कुणी मध्ये हात घालू नका. पत्त्यांचा बंगला आहे तो, फुंकसुद्धा नको."

"सरकारचे पैसे चालतात आणि देवाच्या माणसांचे नकोत?" ओर्लीना चिडली. "आम्ही सरकारच्या दारात जन्मात उभे राहिलो नाही. तुझे आजोबा औषधाला सरकारी मदत मागायलासुद्धा लाजत होते, मेले तरी."

"म्हणून तर मेले," टॅबिथा म्हणाली.

ओर्लीनानं तिला गप्प केलं. खरं सांगायचं तर तिला फीची काळजी नव्हती, गाडीचीही नव्हती. चर्चच्या बाहेर रस्त्याकडेला जो अक्षरं बदलायचा पांढरा फलक असतो, त्यावर त्या आठवड्यात लिहिलं होतं: शनिवारी माशांचं जेवण, टॅबिथा रॅटलिफसाठी. रॅटलिफ! इतक्या वर्षांनी ते नाव चर्चच्या फलकावर आलं होतं, आणि तेही मान खाली घालावी लागणार नाही अशा कारणानं. ओर्लीना दुकानातून येताना मुद्दाम त्या बाजूनं आली. फलकासमोर थांबली. कुणी बघत नाहीये ना हे बघून तिनं डोळे पुसले. आता त्या म्हातारीला दोष तरी कसा द्यायचा!

शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. पुरुष बाहेर मोठ्या कढईत कॅटफिश तळत होते, बायका मक्याच्या पिठाची भजी आणि कोबीची कोशिंबीर वाढत होत्या. ज्यांच्या घरी स्वतःचं भागत नाही अशी माणसंही पेटीत नोटा टाकून गेली. एकोणीसशे डॉलर जमले. त्या खोऱ्यात एकोणीसशे डॉलर म्हणजे काय असतं, हे तिथल्या माणसालाच कळेल.

धर्मगुरू ब्रदर डेन्झिल चेकबुक घेऊन पुढे आले. मोठा आवाज, मोठं पोट, मन वाईट नाही. "टॅबिथा रॅटलिफच्या नावानं लिहू ना?" त्यांनी सगळ्यांना विचारलं.

क्षणभर हॉल शांत झाला. ती शांतता कशाची ते ओर्लीनाला बरोबर कळलं. व्हर्ना आपल्या बोटांकडे बघत होती. ओर्लीना उभी राहिली.

"ब्रदर डेन्झिल, माझ्या घरात पैसे देऊ नका," ती म्हणाली. "चेक कॉलेजच्या नावानं लिहा. सरळ कॉलेजला पाठवा. आणि खाली लिहा, फक्त फीसाठी. उद्या कुणाला बोट दाखवायला जागा नको."

आमेन, आमेन! टाळ्या पडल्या. व्हर्नानं तिला सगळ्यांसमोर मिठी मारली आणि म्हणाली, "तुझ्यासारखी तूच गं." ओर्लीनाला वाटलं की पाठीवरचं ओझं उतरलं. टॅबिथा कोपऱ्यात कागदी ताटली हातात धरून उभी होती. तिच्या तोंडावरचा रंग उडालेला होता, पण तिकडे बघायला त्या दिवशी कुणाला वेळ होता?

कॉलेज सुरू झालं. दोन आठवडे आर्व्हिलनं आपल्या ट्रकमधून टॅबिथाला नेलं-आणलं, कारण कॉलेज जवळ होतं. तिसऱ्या आठवड्यात सोमवारी टॅबिथा फोन बघत स्वयंपाकघरात आली आणि खुर्चीत बसली.

"अठराशे गेले, ममॉ."

"गेले म्हणजे? रोंडा आली होती का?" ओर्लीनाच्या तोंडून पहिलं तेच निघालं.

"आईनं नाही नेले. चर्चनं नेले."

मंगळवारी दोघी कॉलेजच्या आर्थिक मदतीच्या खिडकीवर गेल्या. ओर्लीनानं रविवारी चर्चला जायचा झगा घातला होता. आत जेरड नावाचा तरुण बसलेला. तोही याच डोंगरातला, याच कॉलेजात शिकलेला. त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मग पडद्यावर बघत नियम सांगितला.

"आजी, राज्याचं अनुदान असतं ते उरलेल्या फीपुरतं. तुमच्या चर्चनं फी भरली, म्हणून राज्यानं तेवढा हात मागे घेतला."

"बरं, घेऊ दे. फी तर भरली ना? मग हिचे गाडीचे पैसे का अडवलेत?"

"प्रवास-निधी कॉलेजचा स्वतःचा आहे. थोडा आहे आणि मागणारे फार. म्हणून तो ज्यांना बाहेरून कुणाचीच मदत नाही, त्यांनाच देतात. हिच्या नावावर बाहेरचा चेक आला. नाव यादीतून खाली घसरलं."

"मग चेकचे पैसे द्या तिच्या हातात!"

जेरडनं मान हलवली. "त्यावर लिहिलंय, फक्त फीसाठी. ते आम्हाला मोडता येत नाही."

ओर्लीना त्याच्याकडे बघतच राहिली. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं, आणि धुपाटणं तिनंच मागून घेतलेलं! "म्हणजे जिच्यामागे चार माणसं उभी राहिली, तिला ही शिक्षा?"

"शिक्षा नाही, आजी."

"मग काय म्हणतात तुमच्यात त्याला?"

जेरडनं आवाज खाली आणला. "खरं सांगू? लोकांनी रोख रक्कम हिच्या हातात दिली असती ना, तर मला ते कधी कळलंसुद्धा नसतं. वाढदिवसाची भेट कोण विचारतं?"

"लपवून घ्यायचे?"

"लपवून नाही. नुसते घ्यायचे," टॅबिथा मध्येच म्हणाली. "सगळं जग घेतं तसे."

जेरडनं एक वाट सांगितली. चर्चनं लेखी पत्र देऊन चेक परत मागितला, आणि ते पत्र शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत आलं, तर चेक कधी आलाच नव्हता असं धरता येईल. अनुदान परत, अठराशे परत. शुक्रवारनंतर मात्र निधी यादीतल्या पुढच्या माणसाला जाईल. "एक साधं पत्र," तो म्हणाला. "दोन ओळी. मी स्वतः घ्यायला येतो हवं तर."

एवढंच! ओर्लीनाला हायसं वाटलं. बुधवारी संध्याकाळी प्रार्थनेनंतर चर्चच्या कारभाराची सभा होतीच. माउंट नेबोमध्ये पै-पैचा निर्णय हात वर करून होतो. चेक सभेनं दिला, तर परतही सभाच घेणार. "मी बोलते," ती परत येताना ट्रकमध्ये म्हणाली. "माझ्या शब्दाला तिथे किंमत आहे."

टॅबिथा खिडकीबाहेर बघत होती. "ममॉ, मला तिथे बोलता येणार नाही. माझा बाप्तिस्मा झालेला नाही, मी सभासद नाही. तूच आहेस. तर माझं एक ऐक. विचारतील त्याला हो म्हण आणि खाली बस. बाकीचं पुराण सांगत बसू नकोस."

"मला शिकवतेस काय?"

"शिकवत नाही गं. पाया पडते."

बुधवारी वीस-बावीस माणसं बाकांवर होती. टॅबिथा सगळ्यात मागे, दाराजवळ, हात मांडीखाली दाबून बसली होती. ब्रदर डेन्झिलनी ओर्लीनाला बोलायला सांगितलं. तिनं जसं कळलं होतं तसं सगळं सांगितलं: राज्याचं अनुदान, यादी, शुक्रवारी पाच वाजेपर्यंतची मुदत. सांगता सांगता तिला स्वतःलाच ते सगळं लटकं वाटायला लागलं. खरी गोष्ट कधी कधी अशी असते, की तोंडातून निघाली की खोटी ऐकू येते.

"थांब, मला नीट कळू दे," व्हर्ना म्हणाली. तिचा आवाज कडवट नव्हता, हिशेबी होता. "आमच्या पैशांनी फी भरली गेली."

"हो."

"आणि आता तू म्हणतेस, ते परत घ्या."

"हो. म्हणजे हिला कॉलेजचे मिळतील."

"आमच्या माशांना वास येतो का गं?" मागून एक म्हातारा बोलला, आणि थोडे लोक हसले. "सरकारचा डॉलर गोड लागतो, आमचा खवखवतो!"

"तसं नाही, बाबा," ओर्लीना म्हणाली. "दोन्ही नाही मिळत. एकच मिळतो."

"मग आमचा ठेव ना," व्हर्ना म्हणाली. "कॉलेजचे अठराशे, आमचे एकोणीसशे. आमचे तर जास्तच आहेत. मग कॉलेजचेच का हवेत? काय फरक आहे दोन्हीत?"

ओर्लीनानं खरं तेच सांगितलं. "ते हातात मिळतात."

हे तीन शब्द पडले आणि बाकं करकरली. दुधानं तोंड पोळलेली माणसं ती. ताकही फुंकून पिणारच. एकमेकांकडे कुणी बघितलं नाही, पण सगळ्यांच्या मनात एकच नाव आलं. व्हर्नानं ते तोंडात आणलं.

"म्हणजे ज्या पैशांना रोंडाचा हात लागू शकत नाही ते परत घ्या, आणि ज्यांना लागू शकतो ते मिळू द्या. असंच ना?"

"गाडीसाठी आहेत ते! आर्व्हिलला विचारा!"

आर्व्हिल भिंतीला टेकून उभा होता. "खरंय," तो म्हणाला. "गियरबॉक्स फुटलाय. मी स्वतः—"

"तू सभासद नाहीस, आर्व्हिल," कुणीतरी म्हणालं. तो गप्प बसला.

ब्रदर डेन्झिलनी हात वर केले. त्यांना खरंच मिटवायचं होतं. "ओर्लीना, इथे तुझ्यावर अविश्वास कुणाचाच नाही. तुझा शब्द आम्हाला पुरतो. पत्र मी आत्ता लिहितो. तू फक्त देवासमोर एवढं सांग, की त्यातला एक डॉलरसुद्धा रोंडाकडे जाणार नाही. संपलं."

दारापाशी टॅबिथानं डोळे मिटून घेतले.

हो म्हणायचं होतं. एक अक्षर. जीभ उचलून टाळ्याला लावायचीही गरज नाही असं अक्षर. आणि ओर्लीनाला काय आठवावं? मागच्याच आठवड्यात पेट्रोल पंपाच्या मागे रोंडा भेटली होती. गालाची हाडं वर आलेली, उन्हात थरथरत उभी. "मम्मी, दोन दिवस काही खाल्लं नाही," म्हणाली. खोटंच बोलत असणार. ओर्लीनाला ते कळत होतं, तरी तिनं पर्समधले चाळीस डॉलर काढून दिले होते. टॅबिथानं त्याच पर्समध्ये ठेवायला दिलेले. आईचं काळीज असं बेइमान असतं. पुन्हा रोंडा समोर अशी उभी राहिली तर आपण पुन्हा देऊ, हे तिला जितकं पक्कं माहीत होतं, तितकं दुसरं काहीच माहीत नव्हतं.

"मी प्रयत्न करीन," ती म्हणाली.

"प्रयत्न नाही विचारला गं," व्हर्ना म्हणाली. "जाईल की नाही जाणार?"

सगळे वाट बघत होते. कुणाची काही घाई नव्हती.

"ते मला सांगता येणार नाही," ओर्लीना म्हणाली.

कुणी ओरडलं नाही, कुणी टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं. ब्रदर डेन्झिलनी घसा साफ केला आणि म्हणाले, की प्रश्न नाजूक आहे, मनं दुखावता कामा नयेत, तर आपण महिनाभर यावर प्रार्थना करू आणि पुढच्या सभेत ठरवू. कोणी अनुमोदन देतं का? अनुमोदन आलं. ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करा.

हात वर झाले. प्रार्थनेच्या विरुद्ध हात खाली ठेवायची हिंमत कोण करणार? शुक्रवारी पाच वाजता काय होणार, हे दोनदा सांगून झालेलं होतं. पण नाही म्हणण्यापेक्षा पुढच्या महिन्यात बघू म्हणणं सोपं असतं, आणि ते पुण्याचंही दिसतं. व्हर्नानं ओर्लीनाकडे बघितलं. ब्रदर डेन्झिलनीही बघितलं. सगळी सभा वाट बघत होती.

ओर्लीनानं हात वर केला.

दार वाजलं. मागे वळून बघितलं तेव्हा टॅबिथाची जागा रिकामी होती.

शुक्रवार आला तसा गेला. जेरडनं दुपारी दोनदा फोन केला. पाचनंतर केला नाही. चौथ्या आठवड्यात टॅबिथा वर्गातल्या एका पोरीच्या गाडीतून हॉस्पिटलात गेली. ती पोरगी दुसऱ्या खोऱ्यातली, तिला पन्नास मैलांत तीस मैलांचा वळसा पडला, आणि तिनं पुन्हा जमणार नाही म्हणून सांगितलं. एकदा आर्व्हिल पहाटे निघाला, तर वाटेत दरड. तो खाडा पहिला. दुसऱ्या खाड्याला काही कारणसुद्धा नव्हतं; नुसती न्यायला गाडी नव्हती. कॉलेजनं चार ओळींचं पत्र पाठवलं, अगदी सभ्य. टॅबिथाची जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या मुलीला गेली. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येईल, असंही त्यात होतं.

टॅबिथा रडली नाही, भांडली नाही. दुकानात पूर्ण वेळ घेतला. घरात आजीशी गरजेपुरतं बोलायची: मीठ दे, दिवा घालव, मी निघते. ओर्लीनाला वाटायचं की पोरीनं एकदा कडाडून बोलावं. तेही नाही.

महिना संपला. पुढच्या सभेला ओर्लीना गेली नाही. डोकं दुखतंय म्हणाली. रात्रीचं जेवण चालू होतं, साधंच काहीतरी, उकडलेले घेवडे आणि मक्याचा ब्रेड, तेवढ्यात दारात व्हर्ना उभी. हातात सफरचंदं भरून घरी भाजलेल्या ॲपल पायची बशी, तोंडावर खराखुरा आनंद.

"ओर्लीना! मंजूर झालं! एकमतानं!" ती आत येत म्हणाली. "महिनाभर प्रार्थना केली बघ सगळ्यांनी, आणि देवानं मनं मऊ केली. कुणी एक शब्द विरुद्ध बोललं नाही. पत्रसुद्धा लिहिलंय, सकाळी पाठवतो. कॉलेज चेक परत करेल, आणि पैसे येतील तसे चर्चमध्ये सुखरूप राहतील. आता पोरीला कॉलेजचे मिळायला काही हरकत नाही ना?"

ओर्लीना उभी राहिली होती. तिनं ती बशी दोन्ही हातांनी घेतली. व्हर्नाला काहीच माहीत नव्हतं. कुणी सांगितलं नव्हतं, तिनं विचारलं नव्हतं. आता सांगितलं असतं तर बिचारी ओशाळली असती, दारात उभी राहून रडली असती. आणि घरी आलेल्या माणसाला ओशाळवायचं नाही, ही ओर्लीनाची रीत.

"फार उपकार झाले, व्हर्ना," ती म्हणाली. "सगळ्यांना सांग."

"तुझं ते देवासमोर खरं बोलणं सगळ्यांच्या लक्षात राहिलंय हो. ब्रदर डेन्झिल रविवारच्या प्रवचनात सांगणार आहेत." व्हर्नानं टॅबिथाच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझी आजी म्हणजे सोनं आहे, पोरी. सांभाळ तिला."

टॅबिथा दुकानाच्या निळ्या सदऱ्यातच जेवायला बसली होती. तिनं मान वर केली नाही. व्हर्ना गेली, गाडीचा आवाज उतारावरून खाली गेला. ओर्लीनानं बशी टेबलावर ठेवली, सुरी आणली, आणि ॲपल पाय कापायचा की नाही हे न कळून तशीच उभी राहिली.

"मला खोटं बोलता आलं नाही गं," ती शेवटी म्हणाली. "देवाच्या घरात. मला जमलं नाही."

"माहीत आहे."

"तू माझ्यावर चिडलीयस."

टॅबिथानं घास संपवला, पाणी प्यायली. मग आजीकडे बघितलं, महिन्याभरात पहिल्यांदाच सरळ.

"आईनं माझं जे जे नेलं ना, ममॉ, ते चोरून नेलं. तिला ठाऊक असायचं की ते माझं आहे," ती म्हणाली. "तू ते तुझं समजून देऊन टाकलंस."

आणि ताट उचलून ती धुवायला गेली.